निवेदकच थापाड्या निघतो अशी पुस्तकं सुचवा (रहस्य न फोडता!)

पानपलटू
नुकतीच एक गाजलेली थरारकथा संपवली. सगळी कथा ज्याच्या तोंडून ऐकली, तोच शेवटच्या प्रकरणात सांगतो की यातलं बरंचसं घडलंच नव्हतं. धक्का बसला, पण त्याहून जास्त चिडचिड झाली. मला असा बेभरवशाचा निवेदक हवाय, ज्याची लबाडी वाचता वाचता जाणवत जाईल. निदान पुन्हा पहिलं पान उघडलं तर "अरे, हे इथेच तर लिहिलं होतं" असं वाटलं पाहिजे. मराठी, इंग्रजी, अनुवाद, काहीही चालेल. फक्त या धाग्यावर नाव घेणं म्हणजेच निम्मं रहस्य फोडणं, तेव्हा जपून.

निशाचर
काझुओ इशिगुरोची 'द रिमेन्स ऑफ द डे' (१९८९). हिचं नाव बिनधास्त घेतो, कारण यात शेवटचा धक्का वगैरे भानगडच नाही. स्टीव्हन्स हा बटलर आपल्या नोकरीच्या आठवणी सांगतोय. एका रात्री घरात बड्या लोकांची परिषद भरलीय, वर खोलीत त्याचे वडील वारलेत आणि हा पाहुण्यांना मद्य देत फिरतोय. स्वतःला काय वाटतंय याबद्दल अवाक्षर नाही. मग मालक विचारतात, तू रडतोयस की काय? आपल्याला तेव्हा कळतं! त्यावर याचं उत्तर, दिवस जरा दगदगीचा गेला. पुढे पुस्तकभर मी त्याच्यापेक्षा इतरांच्याच बोलण्याकडे जास्त कान देऊन होतो.

बोरकूट
+१. पण धक्कातंत्राला सरसकट नावं ठेवू नका हो. ॲगाथाबाईंची १९२६ची एक कादंबरी आहे, नाव घेत नाही. दुसऱ्यांदा वाचताना लक्षात येतं की निवेदकाने मोक्याच्या जागी फक्त दहा मिनिटं गाळलीत, आणि तीही अशा सफाईने की वाक्य खोटं म्हणता येत नाही. लोकांनी तेव्हा फसवणूक म्हणून ओरड केली होती. तीन वर्षांनी रोनाल्ड नॉक्स यांनी रहस्यकथेचे दहा नियम मांडले, त्यात गुप्तहेराच्या मित्राने मनातलं काही वाचकापासून लपवू नये असाही एक आहे.

केतकी_पान
बोरकूट, नाव सोडून सगळं सांगितलंत की! 😄

पानपलटू, लांबलचक काही नको असेल तर अकुतागावाची 'इन अ ग्रोव्ह' (१९२२) वाचा. मोजक्या पानांची कथा. रानात एका सामुराईचं प्रेत सापडतं आणि एकामागून एक साक्षी होतात. लेखक मध्ये एका शब्दानेही बोलत नाही. माणूस खोटं बोलतो ते अंग काढून घ्यायला, असा आपला समज असतो. इथे दरोडेखोर म्हणतो मी मारलं, बायको म्हणते मी मारलं, आणि मेलेला नवरा मांत्रिक बाईच्या तोंडून म्हणतो मीच स्वतःला संपवलं. प्रत्येकाला खुनाचा आळ परवडतो, पण आपली शोभा झालेली परवडत नाही. संपल्यावर आपण कुणाची बाजू खरी धरली आणि का, याचाच विचार डोक्यात राहतो.

जुनापिंपळ
मराठीत 'कोसला' (१९६३) चालेल का? पांडुरंग सांगवीकर सगळ्यांची इतकी टर उडवतो की त्याच्या हिशेबाने जग बघायचं तर चिमूटभर मीठ लावूनच घ्यावं लागतं.

निशाचर
नाही पटलं. तिरकस बोलणारा प्रत्येक जण बेभरवशाचा नसतो. पांडुरंग वाढवून सांगत असेल, पण दडवत नाही. त्यापेक्षा सचिन कुंडलकरांची 'कोबाल्ट ब्लू' सुचवेन. घरात राहायला आलेल्या एकाच माणसावर भाऊ आणि बहीण दोघंही जीव टाकतात, आधी त्याची बाजू, मग तिची. दोघंही आपापल्या परीने खरंच सांगतात, तरी तो माणूस हाती लागत नाही.

केतकी_पान
'लोलिता' (१९५५) राहिली, पण सांभाळून. विषय बालशोषणाचा आहे आणि कथा गुन्हेगारच सांगतो. भाषा अशी लाघवी की नकळत आपण त्याच्या बाजूने मान डोलावायला लागतो. आणि ती मुलगी रोज रात्री रडते, हे तो एका लांबलचक वाक्याच्या शेपटीला जाता जाता सांगून टाकतो. मला तिथे पुस्तक मिटून ठेवावं लागलं होतं. स्वतःचाच राग आला होता.

पानपलटू
सगळ्यांचे आभार. हेच हवं होतं. आधी अकुतागावा, मग स्टीव्हन्स. लोलिताला जरा वेळ घेईन. 'राशोमोन' याच कथेवर आहे ना? आधी तोच बघू का?

बोरकूट
नको, आधी कथा. १९५०च्या त्या चित्रपटात कुरोसावांनी लाकूडतोड्याला दुसऱ्यांदा बोलायला लावलंय, ते कथेत नाही. चित्रपट आधी पाहिलात तर कथेतही त्याच्याच तोंडाकडे बघत बसाल.