मूत्रपिंडाला ‘सूज’ म्हणावं की आणखी काही?

कोथरूडकरीण
आईच्या सोनोग्राफीच्या रिपोर्टात ‘उजवीकडे माइल्ड हायड्रोनेफ्रोसिस’ असं लिहून आलंय. तिचं ओटीपोट दुखत होतं म्हणून केली होती. वय पासष्ट. मी ‘किडनीला जराशी सूज आहे’ असं सांगितलं, तर तिने हळद-दूध सुरू केलं. सूज म्हटली की हळद, असा तिचा हिशेब. ‘सूज’ बरोबर आहे का? दुसरा साधा मराठी शब्द आहे का? डॉक्टरांनी सोमवारी बोलावलंय.

पेठेतला
‘जलवृक्कता’ म्हणून बघा. आईच तुम्हाला डॉक्टरांकडे घेऊन जाईल.

निवृत्त सोनोलॉजिस्ट
‘सूज’ अगदीच चूक नाही, पण त्या एका शब्दात दोन निरनिराळ्या गोष्टी येतात. पाय मुरगळल्यावर लाल होतो, गरम लागतो, ठणकतो, ती एक सूज. मूत्रपिंडात तसं झालं तर त्याला दाह म्हणतात. इथे तसं असेलच असं नाही. ‘हायड्रो’ म्हणजे पाणी आणि ‘नेफ्रॉस’ म्हणजे मूत्रपिंड, दोन्ही ग्रीक. मूत्रपिंडात तयार झालेली लघवी मूत्रवाहिनीतून मूत्राशयात उतरते. ही वाट कुठे अडली की मोरी तुंबावी तशी ती मागे साठते आणि मूत्रपिंडाच्या आतली पोकळी ताणली जाते. आम्ही पेशंटला सरळ ‘लघवी तुंबून मूत्रपिंड थोडं फुगलंय’ असं सांगायचो. त्याला हळद काय करणार?

मूत्रवाहिनी साधारण 25 ते 30 सेंटिमीटर लांब असते. खडा वरच्या भागात असला तर कळ पाठीत, कुशीत येते. तोच मूत्राशयाच्या तोंडाशी पोचला की ओटीपोटात आणि जांघेत दुखतं, सारखी लघवीची भावना होते. म्हणून दुखणं खाली आणि फुगवटा वर असं दिसतं.

‘माइल्ड’ हे फुगवट्याचं माप आहे, दुखण्याचं नव्हे. चार मिलिमीटरचा खडा धडधाकट माणसाला गडाबडा लोळायला लावतो आणि रिपोर्टात माइल्डच लिहून येतं. उलट वर्षानुवर्षं हळूहळू अडत गेलेलं मूत्रपिंड बरंच फुगलं तरी दुखेलच असं नाही.

एक विचारतो, लघवी रोखून सोनोग्राफी केली होती का?

कोथरूडकरीण
हो, पाणी पिऊन पिऊन बसवलं होतं. आई कासावीस झाली होती.

निवृत्त सोनोलॉजिस्ट
मग डॉक्टरांना हे जरूर सांगा. मूत्राशय तट्ट भरलेलं असलं की एवढासा फुगवटा नुसत्या त्यानेही दिसू शकतो. लघवी करून आल्यावर परत पाहिलं की नाहीसा होतो. तसं झालं तर ओटीपोटाचं दुखणं वेगळं शोधावं लागेल.

आजीबाई
खडा सोडून काय काय असतं, डॉक्टर?

निवृत्त सोनोलॉजिस्ट
लघवीतला जंतुसंसर्ग, नुकताच पडून गेलेला खडा, अंडाशयाची किंवा गर्भाशयाची गाठ मूत्रवाहिनीवर दाबत असणं. पुरुषांत वाढलेलं प्रोस्टेट. गरोदरपणात उजवं मूत्रपिंड जास्त फुगतं, ते बहुधा बाळंतपणानंतर ओसरतं. दुखणं उजवीकडे असेल तर अपेंडिक्सही डोक्यात ठेवतात, त्याचा मूत्रपिंडाशी संबंध असो वा नसो. आणि या वयात अंग बाहेर येत असेल तर खाली उतरलेल्या गर्भाशयानेही मूत्रवाहिन्या ओढल्या जातात, अडतात.

आजीबाई
हे शेवटचं बायका मुलीलासुद्धा सांगत नाहीत. ताई, तुम्हीच हळूच विचारा.

कर्वेनगर
शब्दांवरूनच आठवलं. माझी मावशी डॉक्टरांना म्हणाली, ‘उन्हाळी लागलीय.’ डॉक्टर तरुण, परप्रांतातले. ते म्हणाले, ‘हो, पुण्यात यंदा गरमी फार आहे.’ लघवीला आग होतेय हे त्यांना कळायला पाच मिनिटं लागली.

निवृत्त सोनोलॉजिस्ट
म्हणून दुखण्याचा शब्द आईच्याच तोंडून घ्या. ‘कळ येते नि जाते’ म्हणाली तर खड्याचा संशय वाढतो, ‘सारखं ठणकतंय’ म्हणाली तर विचार दुसरीकडे वळतो. तिचं बोलणं सुधारून सांगू नका. मात्र थंडी वाजून ताप भरला, उलट्या थांबेनात किंवा लघवीच होईना, तर सोमवारची वाट बघायची नाही, रात्रीसुद्धा हॉस्पिटल गाठायचं. तुंबलेल्या लघवीत जंतू वाढले की प्रकरण काही तासांत हाताबाहेर जातं.

कोथरूडकरीण
ताप नाही. ‘लघवी तुंबून फुगलंय’ सांगितलं, तर लगेच पटलं. हळद बंद.

कर्वेनगर
कुळथाचं माडगं द्या, खडा विरघळतो.

निवृत्त सोनोलॉजिस्ट
माडगं मलाही आवडतं, पण त्याने खडा विरघळलेला मी पडद्यावर कधी पाहिला नाही. 5 मिलिमीटरच्या आतले खडे बहुतेक आपणहून पडतात आणि श्रेय माडग्याला मिळतं.

पेठेतला
देशावर माडगं हुलग्याचं असतं. कुळथाची पिठी, ती कोकणात.