बाबांचा पीसी टकटक करतोय, आधी काय वाचवू?

कट्ट्यावरचा_चहा:
मंडळी, बाबांचा पीसी दहाएक वर्षं जुना, १ टीबीची हार्ड डिस्क. आठवडा झाला आतून टक टक आवाज येतोय आणि फोल्डर उघडायला कधी कधी मिनिटभर लागतं. त्यात २००६ पासूनचे घरचे फोटो, ताईच्या लग्नाचा व्हिडिओ (एकच फाइल, ११ जीबी) आणि बाबांचं सगळं लिखाण, तेही श्रीलिपीत (मराठी टायपिंगचं जुनं सॉफ्टवेअर). एकूण साडेतीनशे जीबी तरी असेल. काल ३२ जीबीच्या पेनड्राइव्हवर व्हिडिओ टाकायला गेलो तर पूर्ण रिकामा असून म्हणतो फाइल फार मोठी आहे, हे काय आता?? गूगल ड्राइव्हच्या फुकटच्या १५ जीबीत काय मावणार. दुकानवाला म्हणतो आणून द्या फॉरमॅट मारून देतो, बाबा म्हणतात एवढी वर्षं चाललंय ना मग चालेल. सुरुवात कुठून करू?

अर्धा_इंजिनिअर:
फॉरमॅट?? म्हणजे सगळं पुसूनच टाकणार तो! त्या दुकानाकडे फिरकू पण नका राव. टकटक म्हणजे डिस्क कधीही राम म्हणेल, त्यामुळे चेकडिस्क (विंडोजची डिस्क तपासून दुरुस्त करणारी सोय) वगैरे पण चालवू नका, ती अख्खी डिस्क घुसळून काढते आणि त्यातच उरलासुरला जीव जायचा. आजच एक्स्टर्नल डिस्क आणा. आधी लिखाण (काही एमबीच असेल, दोन मिनिटांचं काम), मग फोटो, व्हिडिओ सगळ्यात शेवटी. रोबोकॉपी (विंडोजमधली फाइल्स कॉपी करायची कमांड) वापरलंत तर रिट्राय (/R, किती वेळा प्रयत्न) आणि वेट (/W, मध्ये किती सेकंद थांबायचं) दोन्हीला १ द्या, नाहीतर एका खराब फाइलवर ते दहा लाख वेळा, दर वेळी ३० सेकंद थांबून, प्रयत्न करत बसतं. पेनड्राइव्ह फॅट३२ या जुन्या फॉरमॅटमध्ये असणार, त्यात ४ जीबीच्या वरची एक फाइल मावत नाही, रिकामाच आहे तर एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करा.

जुनी_डीटीपीवाली:
श्रीलिपी वाचून राहवलं नाही. नुसत्या फाइल्स नेऊ नका हो, फॉन्ट पण न्या! ते युनिकोड (कुठल्याही मशिनवर वाचता येणारी अक्षरं) नाही, फॉन्ट नसला की सगळा किडामुंगी मजकूर दिसतो. माझ्याकडे एका स्मरणिकेची फाइल शाबूत आहे आणि फॉन्ट नाही, बसा बघत. पीसी चालू आहे तोवर लिखाणाच्या पीडीएफ करून ठेवा, पण कॉपी झाल्यावर, आधी नाही.

पानाचा_डबा:
एक डिस्क पुरत नाही, दोन घ्या. एक घरी, दुसरी ताईकडे, आणि गणपतीत नि दिवाळीत अदलाबदल. कॉपी झाली की वायर काढून ठेवायची, रॅन्समवेअर (फाइल्स लॉक करून खंडणी मागणारा व्हायरस) आला तर जोडलेली डिस्क पण लॉक करतो. आणि वनड्राइव्हच्या सिंकला (एकीकडे केलेला बदल सगळीकडे आपोआप होणं) बॅकअप समजू नका, आमच्या भाच्याने लॅपटॉपवरून फोल्डर उडवला तो सगळीकडून उडाला, रिसायकल बिनमध्ये ३० दिवस राहतो म्हणून वाचलो.

कट्ट्यावरचा_चहा:
दोन डिस्क आणल्या. लिखाण आणि फॉन्ट दोन्हीवर गेले, हुश्श. पण १ टीबीच्या डिस्कवर ९३१ जीबीच दिसतंय, गंडवलं का?

अर्धा_इंजिनिअर:
नाही हो, कंपनी हजाराने मोजते, विंडोज १०२४ ने. फोटो कॉपी झाले की दहाबारा दुसऱ्या मशिनवर उघडून बघा, नुसता आकडा जुळला म्हणून खूश होऊ नका.

कट्ट्यावरचा_चहा:
२०११ पर्यंतचे फोटो झाले. आता बाबा शेजारी खुर्ची टाकून बसलेत, त्यांना त्याच जुन्या डिस्कवरून एकेक फोटो उघडून बघायचाय, कसं थांबवू सांगा.