बॅकलॉग सोडवून पदवीपर्यंत: पुण्यातल्या मंडळींनी लिहावं

निकाल लागतो, एटीकेटी दिसते (म्हणजे पुढच्या वर्षात जाता येतं, पण नापास झालेले विषय, म्हणजे बॅकलॉग, मागे राहतात) आणि घरी कसं सांगायचं या विचारात आठवडा जातो. तेवढ्यात परीक्षेच्या फॉर्मची तारीख निघून जाते. म्हणून ज्यांना हे काम आतून ठाऊक आहे त्यांनी इथे लिहावं. विषय कसे सुटतात, पैसे कुठून उभे राहतात, कुणाचा हात लागतो. स्वतःची कहाणी नको, वाचणाऱ्याला उद्या सकाळी कामाला येईल असं लिहा.

शिवाजीनगरकर
सगळ्या सत्रांच्या गुणपत्रिका ओळीने मांडा. शेवटची एकच नव्हे, सगळ्या. कागदावर रकाने आखा: विषयाचा कोड, सत्र, अंतर्गत गुण, लेखी गुण. विभागणी ३० आणि ७० अशी असेल आणि दोन्हीकडे वेगळं ४० टक्के पासिंग असेल, तर अंतर्गतमध्ये १२ आणि लेखीत २८ लागतात. लेखीत ४५ आणि अंतर्गतमध्ये ९ पडले, तर बेरीज ५४ होऊनही विषय राहतो. असं झालेली मुलं पुन्हा लेखीचंच पाठांतर करत बसतात. अडलेलं असतं अंतर्गतमध्ये, आणि ते विभागातल्या सरांना भेटूनच सुटतं.

इंजिनिअरिंगवाल्यांनी क्रम चुकवू नये. पहिलं वर्ष पूर्ण सुटल्याशिवाय तिसऱ्यात प्रवेश नाही, दुसरं सुटल्याशिवाय चौथ्यात नाही. त्यामुळे सोपा विषय आधी घेण्यापेक्षा जुना आधी घ्या.

त्याहून मोठा घोळ पॅटर्न, म्हणजे अभ्यासक्रमाची आखणी, बदलल्यावर होतो. जुन्या पॅटर्नच्या परीक्षा ठरावीक वेळाच होतात, पुढे समकक्ष विषय, म्हणजे नव्या पॅटर्नमधला त्याच्या जागी धरलेला विषय, द्यावा लागतो. नाव तेच असलं तरी अभ्यासक्रम वेगळा असू शकतो. परीक्षा विभागातून समकक्ष विषयाचा कोड लिहून घ्या, मगच पुस्तक विकत घ्या.

पेपर तपासलेली
पुनर्मूल्यांकनाआधी उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागवा आणि ती हातात पेन घेऊन वाचा. आतल्या पानांवरचे गुण पहिल्या पानावरच्या तक्त्यात प्रश्नवार उतरलेत का, बेरीज बरोबर आहे का, एखादा उपप्रश्न गुण न देताच राहिलाय का, पुरवणी जोडलेली दिसते का, हे बघा. मग त्या विषयाच्या प्राध्यापकांना उत्तरं दाखवा. वाढ दिसते असं ते म्हणाले तरच पैसे भरा. पाच-सहा गुण हवे असतील आणि उत्तरंच अर्धवट असतील, तर तो खर्च वाया जातो.

आणि कळकळीने सांगते, पुनर्मूल्यांकनाच्या भरवशावर बॅकलॉगचा फॉर्म सोडू नका. तो निकाल यायच्या आत फॉर्मची मुदत संपू शकते.

दाखलेवाला
पैशांचं बोलू. महाडीबीटी या राज्य सरकारच्या पोर्टलवर केलेला शिष्यवृत्तीचा अर्ज मंजूर होतो आणि रक्कम येत नाही, याचं एक नेहमीचं कारण बँकेत असतं. खात्याला आधार नंबर दिलेला असणं वेगळं आणि थेट लाभासाठी खातं आधारशी सीड असणं, म्हणजे सरकारी पैसे त्याच खात्यात यावेत अशी जोडणी असणं, वेगळं. बँकेत "सीडिंग झालंय का" असंच विचारा. वर्ष राहिलं असेल तर शिष्यवृत्तीचं नूतनीकरण अडू शकतं, त्यामुळे कॉलेजच्या शिष्यवृत्ती खिडकीवर जुलैतच जा. उत्पन्नाच्या दाखल्यावरची मुदतही वाचा. ३१ मार्चला संपलेला दाखला जोडला की अर्ज परत येतो.

राहण्याचं गणित बसत नसेल तर विद्यार्थी सहाय्यक समितीच्या वसतिगृहांची चौकशी करा. खेड्यातून आलेल्या मुलामुलींसाठी हे काम १९५५ पासून चालू आहे. विद्यापीठाच्या कमवा आणि शिका योजनेबद्दल विद्यार्थी विकास अधिकाऱ्यांना विचारा. नोकरी सोडणं शक्यच नसेल, तर नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आहे, त्याची अभ्यासकेंद्रं पुण्यातही आहेत. तो मार्ग कमी दर्जाचा नाही.

नारायण पेठ अभ्यासिका
अप्पा बळवंत चौकातून मागच्या पाच वर्षांचे प्रश्नसंच आणा. घटकवार कोणता प्रश्न किती वेळा आला त्याच्या रेघा मारा. विषयाचे सहा घटक असतील, तर तीन पक्के आणि दोन वरवर, एवढी तयारी असेल तर पासिंग होतं. सहाही घटक अर्धे-अर्धे केले तर होत नाही. आठवड्यातून एक पेपर घड्याळ लावून पूर्ण लिहा. बॅकलॉगवाल्यांना भरभर लिहायची सवय राहिलेली नसते, शेवटचा प्रश्न वेळेअभावी राहतो.

रात्री झोप लागत नसेल, जेवण जात नसेल, तर एकटे राहू नका. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर मोफत आहे, मराठीतही बोलता येतं.

निवृत्त मॅडम
शेवटचं सत्र सुटलं म्हणजे पदवी आली असं नाही. मागचा एक विषय जरी बाकी असला तरी ती अडते. सगळं सुटल्यावर पदवी प्रमाणपत्राचा अर्ज वेगळा करावा लागतो. त्यात देवनागरीतलं नाव वेलांटी-मात्रेसकट नीट ताडून बघा, नंतरची दुरुस्ती फार फिरवते.

आणि आभार मानायला जा. फोन करून शेवटची तारीख सांगणारे परीक्षा विभागातले काका, महिनाअखेरीला पैशांसाठी न थांबता डबा देणाऱ्या खानावळीतल्या मावशी, झेरॉक्स काढायला नोट्स देणारी सीनियर. ही माणसं पदवीदान समारंभाला नसतात. गुणपत्रिका घेऊन त्यांच्या दारात जा, हातात द्या, त्यांना वाचू द्या. फॉर्म भरताना अडलेलं एखादं पोर सोबत न्या, त्याचीही ओळख होईल.

पुस्तकं रद्दीत घालू नका. समासात पेन्सिलीने लिहिलेलं असतं, हा प्रश्न कुठल्या सत्राला आला आणि किती गुणांना. ते न खोडता पुढच्याला द्या.