मदत हवी आहे: कोपराला बिजागरी लावली, पण मॉडेलचा तळहात वळत नाही

ठिबकवाले सर

नमस्कार मंडळी. शिरपूर तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत सहावी-सातवीला विज्ञान शिकवतो. तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनासाठी मुलं हाताचं हलतं मॉडेल करताहेत. विकतचा सांगाडा परवडणारा नाही, म्हणून सगळं सामान गावातलंच. हाडांना वायरिंगचा पीव्हीसी पाइप, पंजाला पुठ्ठा, खांद्याला करवंटीत बसवलेला लाकडी चेंडू (हा उखळीचा सांधा झकास फिरतो) आणि कोपराला कपाटाची बिजागरी.

कोपर छान वाकतं, सरळ होतं, उलट्या बाजूला जात नाही. सहावीच्या धड्यात आहे तसंच. पण सातवीतल्या एका मुलीने विचारलं, "सर, ह्याच्या हातावर कानबाईचा प्रसाद कसा ठेवायचा?" कारण पंजा कायम पालथा. उताणा करायचा तर अख्खा दंडच फिरवावा लागतो.

मग स्वतःचा हात तपासला. कोपर पोटाला घट्ट चिकटवलं तरी तळहात पालथा-उताणा होतो, म्हणजे खांद्याचं काम नाही. दुसऱ्या हाताने मनगट धरून बघितलं तर मनगटासकट सगळं फिरतं. बिजागरी तर अशी फिरत नाही. मग हे फिरतंय कुठून? आणि ते स्वस्तात कसं बनवायचं?

तापीकाठ

सर, कोपरालाही खांद्यासारखा चेंडूच लावा की. विषय संपला.

ठिबकवाले सर

भाऊ, तो लावून पाहिला. कोपर चारी बाजूंना लोंबतं.

फिजिओ जळगाव

सर, मुलीला माझ्याकडून शाबासकी द्या. तुमची बिजागरी बरोबरच आहे, फक्त तुमच्या मॉडेलमध्ये एक हाड कमी आहे. कोपराखाली एक पाइप लावलाय ना? तिथे दोन हाडं असतात. करंगळीच्या बाजूला अल्ना, अंगठ्याच्या बाजूला रेडियस.

बिजागरीचं काम मुख्यतः अल्ना करते. तिच्या वरच्या टोकाला खोबण असते, ती दंडाच्या ह्यूमरसला पकडून बसते. टेबलावर टेकवतो ते कोपराचं टोक अल्नाचंच. तिथून करंगळीच्या बाजूने मनगटापर्यंत बोट फिरवा, हाडाची कड लागेल. आता तळहात वळवा. कड जवळजवळ जागच्या जागी राहते.

फिरतं ते रेडियस. त्याचं वरचं डोकं गोल चकतीसारखं असतं आणि अस्थिबंधाच्या एका कड्याने ते अल्नाला बांधलेलं असतं. त्या कड्यात ते स्वतःभोवती गरगरतं. कोपर काटकोनात वाकवून बाहेरच्या उंचवट्याच्या जरा पुढे बोट ठेवा आणि तळहात वळवा, डोकं फिरताना बोटाला कळतं. खालचं टोक मात्र अल्नाच्या टोकाभोवती अर्धवर्तुळ घेतं. तळहात उताणा असताना दोन्ही हाडं समांतर, पालथा केला की रेडियस अल्नावर आडवं येतं आणि फुली होते. हा खिळीचा सांधा. नको म्हणताना मान हलवतो तो पहिल्या दोन मणक्यांमधला सांधाही याच जातीचा. म्हणजे आपण ज्याला 'कोपर' म्हणतो तिथे एकाच पिशवीत तीन सांधे आहेत: ह्यूमरस-अल्ना, ह्यूमरस-रेडियस आणि रेडियस-अल्ना. शाळेच्या पुस्तकाने पहिला सांगितला, एवढंच.

मॉडेलसाठी सर्वात महत्त्वाचं: पंजा रेडियसवर बसवा, अल्नावर नाही. मनगटाची हाडंही मुख्यतः रेडियसलाच टेकलेली असतात, म्हणून रेडियस वळलं की पंजा मागोमाग जातो.

केळीबाग

सर, तुमच्या नावातच सामान आहे. रेडियसला 16 मिमीची ठिबकची नळी घ्या. बंडलातून निघते तेव्हा तिला थोडा बाक असतोच, तो राहू द्या, आडवी येताना अल्नाला अडणार नाही. वरच्या कड्यासाठी 20 मिमीच्या नळीचा बोटभर तुकडा तारेने अल्नाला बांधा, 16 ची त्यात सैल फिरते. खालच्या टोकाला सायकलच्या ट्यूबची सैल पट्टी.

पोळा

एक भर. हे सगळं आपल्याकडे आहे, बैलाकडे नाही. बैलाच्या आणि घोड्याच्या पुढच्या पायात रेडियस आणि अल्ना एकमेकांना जुळून गेलेली असतात, त्यामुळे खूर उताणा करता येत नाही. सारंगखेड्याच्या यात्रेत घोड्याचा पुढचा पाय नीट बघा, पुढे-मागे चालतो, वळत नाही. सरांचं पहिलं मॉडेल घोड्याचं म्हणून खपलं असतं!

शिरपूरची आई

फिजिओ ताई, ते कडं लहान मुलांत सैल असतं का? पुतण्याला गर्दीत हाताला धरून ओढलं तर तो हात हलवेनाच. डॉक्टरांनी कोपर निसटलंय म्हणून सांगितलं.

फिजिओ जळगाव

हो ताई, हेच ते कडं. साधारण एक ते चार वर्षांच्या मुलांत जास्त होतं. मनगट धरून झटक्याने ओढलं की रेडियसचं डोकं कड्यातून थोडं सरकतं. डॉक्टर ते पटकन बसवतात, घरी कोणी ओढून बघू नये. मुलाला उचलायचं तर काखेत हात घालून.

ठिबकवाले सर

आते बरं व्हयनं! नळी बसवली, पंजा उताणा होतो आणि मुलीने त्यावर खडूचा तुकडा ठेवूनही पाहिला. आता स्नायू दाखवायचे आहेत. दंडाच्या पुढच्या बेटकुळीसाठी ट्यूबचा रबर आणला, मागच्या बाजूला दुसरा, कारण स्नायू फक्त ओढतो, ढकलत नाही. पुढचा रबर कुठे बांधू, अल्नाला की रेडियसला?

फिजिओ जळगाव

रेडियसला, कोपराच्या थोडं खाली, आतल्या अंगाला. पंजा पालथा असताना रबर नळीवर गुंडाळला गेला पाहिजे. मग ओढला की कोपर वाकेल आणि तळहातही उताणा होईल. बायसेप्सची ही दोन्ही कामं. कोपर काटकोनात ठेवून उजव्या हाताने घट्ट स्क्रू आवळून बघा, बेटकुळी लगेच टणक होते. मागचा रबर मात्र अल्नाच्या टोकाला, कोपराच्या मागे. आणि तो पुढच्यापेक्षा जरा सैल ठेवा, नाहीतर हात कायम ताठच राहील.