‘पट्टा मारा आणि निवांत झोपा’ हा सल्ला मागे घ्या

भटका_संसार

राहायच्या गाडीच्या कडेला सावलीसाठी बाहेर ओढतात त्या कापडी छताबद्दल, म्हणजे ऑनिंगबद्दल, परवा इथं एक पोस्ट आली: "कॅसेटवाली चांगली ऑनिंग असेल आणि वरून रॅचेटचा पट्टा मारला असेल, तर आपल्याकडच्या वाऱ्याला घाबरायचं कारण नाही. पट्टा मारा आणि निवांत झोपा." कॅसेट म्हणजे कापड गुंडाळून बसतं ती पेटी, आणि रॅचेटचा पट्टा म्हणजे ऑनिंगवरून टाकून दोन्ही टोकं जमिनीतल्या खुंट्यांना बांधायचा, खटक्यानं आवळायचा पट्टा. खाली आभार मानणाऱ्यांची रांग लागली आहे. त्यात पहिल्यांदाच गाडी घेऊन मे महिन्यात बाहेर पडणारे बरेच दिसतात, म्हणून एवढं लांब लिहितोय.

गेल्या वर्षी रोहिणी निघून चार-पाच दिवस झाले होते. पैठणच्या वरच्या अंगाला, नाथसागराच्या काठावर ओळखीच्यांच्या रानात गाडी उभी होती. ऑनिंग चार मीटर लांब, अडीच मीटर बाहेर. पट्टा मारलेला, दोन्ही टोकांना हातभर लोखंडी खुंट्या. दिवसभर पश्चिमेचं वारं होतं म्हणून गाडीची पाठ पश्चिमेला आणि ऑनिंग पूर्वेला, आडोशाला. साडेपाचच्या सुमारास वारं पडलं. पान हलेना. गेवराईच्या अंगाला आभाळ भरलं होतं, पण लांब. आमच्यावर लख्ख ऊन. बायकोनं चहा टाकला.

चहाला उकळी यायच्या आत पूर्वेकडून धुळीची पिवळी भिंत आली. वारं थेट ऑनिंगच्या तोंडात शिरलं. डावीकडची खुंटी ढेकळासकट उपटली आणि पट्ट्याच्या टोकाला तशीच लटकून गोफणीतल्या दगडासारखी फिरायला लागली. पहिल्या फटक्यात खिडकीची काच गेली. पुढच्या झोताला अख्खी ऑनिंग पायांसकट टपावरून पलीकडं, पुढची दांडी सोलर पॅनलवर. तोवर पावसाचा एक थेंब पडला नव्हता. त्या खुंटीपाशी माझी मुलगी आंबा चोखत बसली होती. हात धुवायला आत गेली म्हणून वाचली.

वळवाचं वारं ढगातून थंड होऊन खाली कोसळतं, जमिनीवर आपटतं आणि चारी दिशांना पसरतं. ढग कित्येक किलोमीटर लांब असतानाच ते तुमच्यापर्यंत पोचतं, आणि दुपारभर ज्या बाजूनं वाहत होतं त्याच बाजूनं येईल याचा भरवसा नाही. दुपारी पाहून निवडलेला आडोसा संध्याकाळी तोंडावर येतो. तेव्हा वारं पडलं की ऑनिंग आत. पट्टा मारून झोपणं नाही.

चाकावरचं_घर

ती पोस्ट माझी. नाव घेतलं नाहीत तरी कळलं.

सहा वर्षं फिरतोय. नळदुर्ग, औसा, म्हैसमाळ, कंधार, सगळीकडं ऑनिंग उघडी ठेवून झोपलोय. कापडाला चीर नाही. तुमच्या खुंट्या चुकल्या, खापर पट्ट्यावर फोडताय. उन्हाळ्यात काळ्या रानाला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, त्यात हातभर खुंटी सरळ ठोकली तर ती निघणारच. मी मुरमाची जागा बघतो, खुंटी गाडीपासून बाहेर कलती ठोकतो आणि काळी माती असेल तर ठोकतच नाही, दोन्हीकडं वीस लिटरचे भरलेले दोन-दोन जार बांधतो. ऐंशी किलो. ते कुठं उडतात बघू.

४३ अंशांत पत्र्याची गाडी भट्टी होते. ऑनिंग गुंडाळून बसा म्हणणं सोपं आहे.

भटका_संसार

ऐंशी किलोचा हिशोब करू. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढतो, वेग दुप्पट तर जोर चौपट. माझ्या ऑनिंगचं कापड दहा चौरस मीटर. ताशी २० किलोमीटरचं वारं त्यावर समोरून भरलं तर साधारण १९ किलोचा जोर. ४० ला ७७ किलो. तुमचे जार इथंच संपले. ६० ला १७४. हवामान खात्याचा वळवाचा इशारा वाचलाय ना? "ताशी ४० ते ५० किलोमीटर वेगाने वारे." त्यांच्या नेहमीच्या इशाऱ्यात तुमचे जार हवेत जातात, आणि मग ते वीस किलोचे गोफणगुंडे.

युरोपात घराच्या भिंतीला लावायच्या ऑनिंगला वाऱ्याचे वर्ग देतात. त्यातला वर्ग २ म्हणजे ताशी ३८ किलोमीटरपर्यंत. भिंतीत बोल्ट मारलेल्या ऑनिंगची ही गत. आपली तर दोन बारक्या पायांवर उभी असते.

मांडववाले_बीड

मांडवाच्या धंद्यात वडिलांपासून आहोत, म्हणून बोलतो. किलोचा हिशोब मला कळत नाही, पण कापड कळतं. कापडाला पोट पडलं की वारं त्यात बसतं आणि फडफडून शिलाई उसवतं. ताणलेलं कापड टिकतं, ढिलं जातं. त्यामुळं पट्टा मारा म्हणणारे अगदीच चुकीचं सांगत नाहीत. एक पाय वीतभर खाली घ्या म्हणजे पाणीही साचत नाही. साचलं तर फार जड होतं. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे चौरस मीटरला एक लिटर, हा हिशोब आम्हालाही पाठ आहे.

पण आमचे खांब दोन-दोन फूट जमिनीत असतात. ऑनिंगचे पाय नुसते टेकलेले. हा फरक विसरू नका.

रस्त्याकडेचा_वड

सगळे कापडावर बोलायलेत. कापड लागायलंय कशामुळं हे कुणी विचारायलंय का?

पंधरा वर्षांपूर्वी बीडहून धाराशिवकडं जाताना वडाखाली गाडी लावली की दुपार निघायची. चिंचा होत्या, लिंब होते. बैलगाडीवाले, मेंढरंवाले, टेम्पोवाले, सगळे एकाच सावलीत जेवायचे. धुळे-सोलापूर रस्ता चौपदरी झाला आणि सावली गेली. बदल्यात दुभाजकात कण्हेर लावली. कण्हेरीखाली कोण बसणार? आता सत्तर-ऐंशी हजारांची ऑनिंग विकत घ्यायची आणि ती वाऱ्यात कशी धरून ठेवायची यावर भांडायचं. माझ्या आजोबांनी गावच्या फाट्यावर लावलेली अकरा झाडं एका आठवड्यात गेली. मी उभा राहून मोजली.

अक्का_उदगीर

वड भाऊ, झाडं गेली याचं दुःख आम्हालाबी हाय. पण वळवात झाडाखाली गाडी लावा असं कुणी वाचून समजू नये म्हणून सांगते. आमच्या आखाड्यावर लिंबाखाली जीप होती. वारं असं सुटलं की मांडीएवढी फांदी बोनेटवर आली. त्याच्या दुसऱ्या वर्षी शेजाऱ्याच्या आंब्यावर वीज पडली, झाडाखाली बांधलेल्या दोन म्हशी जागेवर गेल्या. सावली दुपारची. आभाळ आलं की झाडापासून लांब व्हायचं.

रस्त्याकडेचा_वड

म्हणजे झाडं तोडली ते बरंच झालं म्हणायचं का?

अक्का_उदगीर

मी तसं म्हणलं का कुठं? वाचा नीट.

रस्त्याकडेचा_वड

फांदी पडते ती छाटणी कुणी करत नाही म्हणून. वाळलेली फांदी वेळेत काढली तर लिंब काही करत नाही. दोष माणसाचा आणि शिक्षा झाडाला, हेच चाललंय मराठवाड्यात. २०१६ ला लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणायची पाळी आली, तेव्हाही पावसालाच दोष दिला. झाड नाही, माती धरून ठेवायला मूळ नाही, पाणी मुरायला जागा नाही. आणि इथं चर्चा काय, तर पट्टा रॅचेटचा की साधा!

चाकावरचं_घर

वड साहेब, वेगळा धागा काढा. तळमळ कळते, पण इथं माणसं पुढच्या आठवड्यात निघायच्या तयारीत आहेत.

रस्त्याकडेचा_वड

वेगळा धागा काढला होता मागच्या वर्षी. तीन प्रतिसाद आले, त्यातले दोन माझेच. ऑनिंगवर मात्र दोन दिवसांत पन्नास. म्हणून इथंच बोलणार.

शेडनेट_जालना

वड भाऊंच्या बाजूनं मीही आहे, पण आधी वाऱ्याचं सांगतो. आमच्याकडं भाजीच्या बियाण्याचे प्लॉट शेडनेटमध्ये असतात. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चची गारपीट मराठवाड्यातल्या कुठल्या शेतकऱ्याला विसरता येणार नाही. त्या वाऱ्यात माझं नेट टराटरा फाटलं. शेजाऱ्यानं दुपटीनं तारा ओढून नेट पक्कं बसवलं होतं, ते फाटलं नाही. पण त्याचे पाईप मुळासकट वाकले, अख्खा सांगाडा भंगारात. मला नेट नवं लागलं, त्याला सगळंच.

चाकावरचं घर, तुमचा पट्टा पक्का बसला तर जोर कुठं जाणार? गाडीच्या टपाला जिथं ऑनिंगची रेल स्क्रूनं बसवली आहे तिथं. घरच्या घरी व्हॅन बांधून घेतलेल्यांनी ती रेल नुसत्या पत्र्यात बसवली आहे का आतून पट्टी देऊन, हे एकदा चढून बघा.

चाकावरचं_घर

माझी आतून पट्टी देऊन बसवली आहे. पण मुद्दा बरोबर आहे, हे मी पोस्टमध्ये लिहायला हवं होतं.

तरी एक सांगा, सहा वर्षांत मला काहीच का झालं नाही?

भटका_संसार

मलाही नाथसागरच्या त्या संध्याकाळपर्यंत चार वर्षं काही झालं नव्हतं. तुमच्यासारखाच मीही इथं लोकांना सल्ले द्यायचो. त्या दिवशी मुलगी आत गेली नसती तर आज हे लिहायला बसलो नसतो. सहा वर्षांचा अनुभव मला दाखवू नका, तुमची वाऱ्याशी गाठ पडली नाही एवढंच त्यातून कळतं.

चाकावरचं_घर

हे बोलणं बरोबर नाही. लेकरू वाचलं याचा मलाही आनंद आहे, पण म्हणून मी लोकांच्या लेकरांच्या जिवावर उठलोय असा सूर लावू नका. कंधारला किल्ल्याच्या खाली रात्री दोनला वारं सुटलं तेव्हा मी पावसात उभं राहून दोन पट्टे जास्तीचे मारलेत. झोपा काढत नव्हतो.

भटका_संसार

म्हणजे तुम्हीही झोपला नव्हता. पोस्टमध्ये मात्र "निवांत झोपा" आहे.

सूर चढला, तेवढं मागे घेतो. सल्ल्याबद्दलचं नाही घेत.

अक्का_उदगीर

आमच्या भाच्यानं मोटरवाली घेतलीय, सेन्सर हाय म्हणतो. वारं आलं की आपोआप आत जाती. मग तर काही भ्या नाही ना?

भटका_संसार

अक्का, त्याला दोन गोष्टी सांगा. तो सेन्सर बहुतेक पुढच्या दांडीत असतो आणि दांडी हलायला लागली की जागा होतो. म्हणजे झोत आल्यावर. आत जायला अर्धा-पाऊण मिनिट लागतं, मला तेवढंही मिळालं नव्हतं. दुसरं, सेन्सर चालू असताना पट्टा अजिबात मारू नये. मोटर आत ओढणार, पट्टा बाहेर धरणार. मोटर तरी जळेल नाहीतर ऑनिंगचे हात वाकतील.

मांडववाले_बीड

काल लिहिलं नाही, आज लिहितो. माजलगावच्या बाजूला एका लग्नात आमचा मांडव गेला होता. ताण बरोबर, खांब दोन फूट, सगळं बरोबर. मुहूर्त संध्याकाळचा. आभाळ आलेलं दिसत होतं, मी कापड उतरवू म्हणालो. मुलीकडचे म्हणाले अक्षता पडू द्या, मग उतरवा. मी ऐकलं. मंगलाष्टकं चालू असताना वारं आलं आणि खांब कापडासकट उचलला गेला. एका म्हाताऱ्या बाईचा हात मोडला. दवाखान्याचा खर्च मी केला, पण त्या बाईचा चेहरा अजून दिसतो. तेव्हापासून आभाळ भरलं की कुणाचं ऐकत नाही, कापड खाली. लोक शिव्या देतात, देऊ द्या.

ताणलेलं कापड टिकतं हे मी म्हणालो ते रोजच्या वाऱ्याचं होतं. वळवाचं नाही.

शेडनेट_जालना

पक्कं बांधायचं मलाही आवडतं, पण मांडववाल्यांचं पटलं.

गुंडाळायची पद्धत कुणीतरी लिहा. मागच्या वेळी घाईत दोघांनी दोन टोकांनी ढकललं आणि कापड तिरकं गुंतलं.

भटका_संसार

दोन पायांना दोन माणसं हवीत, हँडलला तिसरं. आधी दोघांनी पाय घट्ट धरायचे, मगच पट्टा सोडायचा. पट्टा आधी सोडला आणि त्याच वेळी झोत आला तर ऑनिंग हातात राहत नाही. हँडल फिरवत दांडी गाडीपासून हात-दीड हातावर आली की पाय दुमडून आत आणि मग उरलेलं गुंडाळायचं. दोघंच असाल तर आभाळ दिसायच्या आधीच आत घ्या. लेकरांना पाय धरायला लावू नका. कापड ओलं आत गेलं तर एक-दोन दिवसांत उन्हात पुन्हा उघडा, नाहीतर बुरशी धरतं.

मोबाईलवर ‘दामिनी’ ॲप ठेवा, पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं आहे, जवळपास वीज पडत असेल तर कळतं. वीज चमकल्यावर तीस सेकंदांच्या आत गडगडाट ऐकू आला तर ऑनिंगला हातही न लावता पत्र्याच्या बंद गाडीत बसायचं. गेली तर गेली. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडायचं नाही.

रस्त्याकडेचा_वड

आमच्याकडं त्याला ॲप लागत नव्हतं. वारं पडलं, जनावरं दाव्याला ओढ द्यायला लागली, मुंग्या अंडी घेऊन निघाल्या की आजी अंगणातलं धान्य आत घ्यायची. पण अक्का म्हणतात ते खरं आहे, आजी तेव्हा लिंबाखाली थांबू देत नव्हती. कबूल. झाडांचा धागा पुन्हा काढतोय आज रात्री. इथं लिहिणाऱ्या प्रत्येकानं तिथं यावं.

अक्का_उदगीर

येते की. आमच्या बांधावरची रोपं हायती, कुणाला पाहिजेत तर घेऊन जा पाऊस पडल्यावर.

चाकावरचं_घर

मूळ पोस्ट बदलली. "निवांत झोपा" काढलं. आता असं आहे: "दिवसा माणूस समोर असेल तर साध्या वाऱ्याला पट्टा मारा. आभाळ भरलं, किंवा वारं एकदम पडलं, तर गुंडाळा. रात्री झोपताना गुंडाळा." पट्टा निरुपयोगी आहे हे मात्र मी लिहिणार नाही. पट्ट्यामुळंच गुंडाळायला दोन मिनिटं मिळतात.

भटका_संसार

वाचली. दोन मिनिटांचं मान्य, माझ्या पोस्टमध्ये पट्ट्याला उगाच जास्त बोललो. "रात्री झोपताना"च्या आधी "वारा नसला तरी" एवढं घाला. आणि गाडी सोडून कुठं जाताना, अगदी देवदर्शनाला तासभर जाताना सुद्धा, हेही घाला. तुळजापूरला पार्किंगमध्ये उघड्या ऑनिंगी टाकून रांगेत गेलेले मी मोजलेत.

चाकावरचं_घर

घातलं.