‘इमान’ की ‘निष्ठा’? सिंगापूरच्या गोष्टीत अडलेला शब्द

टिळकवाडीची
दिवाळी अंकासाठी दीर्घकथा लिहायलेय. १९४२, सिंगापूर. आपल्या बेळगाव भागातला पोरगा मिलिटरीत सप्लायचा कारकून, रबराच्या मळ्यावरच्या तमिळ मुलीवर जीव जडलाय. १५ फेब्रुवारीला इंग्रज शरण गेले, दोन दिवसांनी फॅरर पार्कवर आपले शिपाई जपान्यांच्या ताब्यात दिले आणि मोहनसिंगांनी आझाद हिंदसाठी हाक दिली. हा जात नाही, राजाची शपथ घेतलीय म्हणून. ४३ ला नेताजी आले, ती झाशीची राणी रेजिमेंटमध्ये नाव घालते आणि त्याला विचारते, "तुझं इमान कुणाशी?" संपादकांनी इमान खोडून निष्ठा केलंय. म्हणे इमान म्हणजे नुसता प्रामाणिकपणा, पैशाबिशातला. आमचे आजोबा "इमान विकू नको" म्हणायचे ते काय पैशाबद्दल नव्हतं. काय ठेवू? आणि ‘दुभंगलेली निष्ठा’ला दुसरं काही आहे का, मला ते आरसा फुटल्यासारखं वाटतंय.

निपाणीकर
इमानच ठेवा ओ ताई. निष्ठा पक्षाची असते, तिकीट मिळेपर्यंत. इमानेइतबारे म्हणतो आपण, निष्ठेइतबारे म्हणून बघा बरं.

शुद्धमराठी
इमान अरबी आहे, मूळ अर्थ धार्मिक श्रद्धा. शिवाजी महाराजांनी रघुनाथ पंडितांकडून फारसी-अरबी शब्दांना संस्कृत पर्याय देणारा राज्यव्यवहारकोश करून घेतला तो कशासाठी? सीमाभागात तरी मराठी जपा, इथं आधीच कन्नडचा रेटा.

निपाणीकर
मग फितूर, गद्दार, बेइमान सगळंच काढा, शिव्या कुठल्या द्यायच्या मग? शिवाय निष्ठा संस्कृत, ती कन्नडमध्ये पण निष्ठेच आहे, मराठी कसली जपली त्यात.

शुद्धमराठी
नवे शब्द रुळतात. महापौर सावरकरांचाच, आता बेळगावात कन्नडवालेपण महापौरच म्हणतात.

खानापूरचा
महापौरावरून आठवलं, नको तो विषय, परत मोर्चा निघेल 😄
दुभंगलेलीबद्दल सांगतो. आमची आई बैलहोंगलकडची, तिकडं म्हण आहे, उंड मनेगे एरडु बगेयबेड. जेवलेल्या घराला ‘दोन’ चिंतू नको. म्हणजे दगा देऊ नको. बघा, नुसतं मनात दोन आलं की दगाच झाला, दोन्हीकडं खरा असलेल्या माणसाला जागाच नाही. तुमच्या पोराची अडचण तीच आहे न्हवं? मराठीत आपण ‘दोन मनं झाली’ म्हणतो त्यात निदान शिवी नाही. मी असतो तर तेच घेतलो असतो.

पेन्शनर
मी मराठा सेंटरात होतो (मराठा लाइट इन्फंट्रीचं ट्रेनिंग सेंटर, १९२२ पासून ते इथं बेळगावातच आहे, नवीन लोकांना सांगतो). लष्करात इमान पण नाही आणि निष्ठा पण नाही. शब्द वफादारी, आणि नमक. कसम परेड म्हणतात, शपथविधी नव्हे. तुमचा कारकून त्यावेळचा, इंग्रजांच्या फौजेत हिंदुस्थानी रोमन लिपीत शिकवायचे, तो मनात वफादारीच म्हणणार. आणि जपान्यांकडं गेला नाही म्हणून भित्रा दाखवू नका. आफ्रिकेत टोब्रुकला ४२ च्या जूनमध्ये आपली पलटण कैदेत गेली, त्यांनाही तीच शपथ होती. आणि जे गेले त्यांच्यावर ४५ ला लाल किल्ल्यात खटला भरला, राजाविरुद्ध युद्ध पुकारलं म्हणून. इमानदार कोण ते तेव्हा लोकांनी रस्त्यावर उतरून ठरवलं, कोशानं नाही.

कॅम्पातली
पण ती दोघं बोलतात कुठल्या भाषेत? ती तमिळ, हा बेळगावचा. आझाद हिंदचा कारभार पण रोमन हिंदुस्थानीतच चालायचा, मग ती इमानच म्हणेल की, निष्ठा तिच्या तोंडी कुठून येणार. दुसरं, "तो कॅम्पात होता" असं लिहू नका, कॅम्प म्हणजे इथं बेळगावातला आमचा भाग, आमच्यातले वाचणारे म्हणतील मग भेटायला काय, अर्ध्या तासात सायकलनं जाता येतंय.

टिळकवाडीची
कॅम्पातली, हे डोक्यातच आलं नव्हतं 😂 ‘कैद्यांची छावणी’ करते. वफादारी त्याच्या मनात आणि इमान तिच्या तोंडी, असं दोन ठेवलं तर? संपादक मारतील खरं.

शुद्धमराठी
‘मारतील खरं’ म्हणजे? खरंच मारतील?

खानापूरचा
आमच्याकडं ‘खरं’ म्हणजे ‘पण’. बेळगावात राहून हे माहीत नाही होय?

शुद्धमराठी
मी पुण्याचा आहे.

निपाणीकर
तरीच. ते सोडा, त्या पोरासाठी ‘दोन्ही डगरींवर हात’ बसतंय काय?

पेन्शनर
नाही. डगरीवाला सोय बघणारा असतो, दोन्हीकडनं मिळवतो. हा दोन्हीकडनं घालवायला बसलाय.

कॅम्पातली
डगर की दगड? आम्ही ‘दोन दगडांवर पाय’ म्हणतो.

खानापूरचा
डगर. नदीकाठची उभी दरड. दगड मागनं कुणीतरी घुसडला असणार.

निपाणीकर
कशावरनं? दगडावर पाय ठेवता येतोय, डगरीवर हात ठेवून माणूस करणार काय?