लुवियन ‘तर्प-’ : तर्पण की तुडवणं?

मंडळी, लुवियनमधलं एक क्रियापद आठवडाभर डोक्यात घोळतंय. लुवियन ही हित्ती या तुर्कस्तानातल्याच प्राचीन भाषेची बहीण. इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या आणि पहिल्या सहस्रकात आजच्या तुर्कस्तानात आणि उत्तर सीरियात चालायची. संस्कृत येणाऱ्याला तिच्यात ओळखीचे चेहरे सारखे भेटतात. घोडा ‘अझुव’, पाय ‘पात-’, खाणं ‘अद्-’. म्हणून ‘तर्प-’ दिसलं की हात थेट पळी-पंचपात्राकडे जातो. माझाही गेला. तृप्, तर्पयति, पितरांना पाणी. लुवियन मजकुरांत विधी भरपूर, त्यामुळे अर्थ चपखल बसला असं वाटलं.

पण दगडावर काय कोरलंय ते पाहा. चित्रलिपीतल्या लेखांत या क्रियापदाच्या अक्षरांआधी पावलांची जोडी येते. लुवियन लेखनिक शब्द कशाच्या गोतातला आहे हे असं चित्रातून सांगत. तृप्तीला पावलं कशाला लागतील?

हीच पावलं कारातेपेच्या लेखातही आहेत. दक्षिण तुर्कस्तानातल्या अदानाच्या मैदानाला लागून असलेला हा डोंगरी किल्ला अझतिवद नावाच्या अधिकाऱ्याने इ.स.पू. आठव्या शतकाच्या सुमारास बांधला. दरवाजांवर एकच मजकूर फिनिशियन (भूमध्य सागराच्या पूर्व किनाऱ्यावरची प्राचीन भाषा) आणि लुवियन अशा दोन भाषांत आहे. 1946 मध्ये तो बोसर्ट आणि हालेत चांबेल या पुरातत्त्वज्ञांच्या हाती लागला आणि चित्रलिपीच्या वाचनाला भक्कम आधार मिळाला. त्यात अझतिवद म्हणतो की जिथे पूर्वी पुरुषही वाटेने जायला भीत, तिथे माझ्या काळात बायका टकळ्या घेऊन... आणि क्रियापदाच्या जागी नुसती पावलं.

एरवी जास्त नीट कळणाऱ्या फिनिशियनवरून लुवियन लावतात. इथे फिनिशियन बाजूच अडलेली. तिथली अक्षरं आहेत त-क-ल-ह-द-य. ‘तक लहदय’ असं तोडलं तर ‘एकटी जाते’ असा अर्थ काढता येतो. ‘तकल हदय’ असं तोडलं तर क्रियापदच बदलतं. अभ्यासकांनी दोन्ही करून पाहिलंय. मला लुवियन पावलं निर्णायक वाटतात, म्हणजे क्रियापद चालण्याचंच. शेजारी टकळीचं चित्रही आहे, म्हणजे त्या शब्दाबद्दलही शंका उरत नाही.

‘तर्प-’ या धातूचं कूळ ग्रीक ‘त्रापेओ’ (द्राक्षं पायांनी तुडवणं) आणि रशियन ‘त्रोपा’ (पायवाट) यांच्याशी जोडतात. रस काढणं आणि पायवाट एका धातूत कशी, हा प्रश्न मराठी माणसाला पडू नये. आपल्याकडे बैलांच्या पायांखाली धान्याची मळणी होते आणि माणसांच्या पायांखाली मळलेली वाट होते. दोन्हीकडे मळणेच.

प्रतिसाद : हित्ती विधींत ‘तर्पल्ली’ म्हणजे राजावरचं अरिष्ट अंगावर घेणारा बदली. मग ‘तर्प-’ म्हणजे ‘जागा घेणे’ का नको?

उत्तर : शंका रास्त आहे. कीलाक्षरी (मातीच्या पाट्यांवर खिळ्यांसारख्या खुणांनी लिहिलेल्या) मजकुरात पावलांचं चित्र नसतं, तिथे प्रत्येक वाक्य वेगळं तपासायला हवं. पण जिथे पावलं कोरली आहेत तिथे मी ‘बदली’ मान्य करणार नाही. नाम आणि क्रियापद एका धातूचे असतीलच असं नाही. आपल्या ‘वारी’ आणि ‘वारणे’ यांना कोणी एकत्र बांधत नाही.

प्रतिसाद : मग बायका वाट ‘तुडवतात’ असं भाषांतर करायचं?

उत्तर : नाही. मराठीत ‘वाट तुडवणे’ म्हटलं की दमणूक येते, ‘पायदळी तुडवणे’ म्हटलं की वैर येतं. इथे दोन्ही नकोत. ‘जातात’ फार पुसट. टकळी चालवायला दोन्ही हात गुंतलेले आणि नजर सुतावर. भीती असती तर कोणी बाई अशी घराबाहेर पडली नसती. त्याच प्रदेशातल्या माराशच्या स्मृतिशिलांवर बायकांच्या हातात टकळी कोरलेली दिसते, म्हणजे ती त्यांच्या रोजच्या वावरातली वस्तू. बराच खल करून मी ‘वावरतात’ घेतलंय : ‘जिथे पुरुष वाटेने जायला भीत, तिथे माझ्या काळात बायका टकळी फिरवीत वावरतात.’